देवळांतील पायपेटी आणि खुंट्यांची निवड

(सुवर्णमहोत्सवाच्या पूर्वतयारीनिमित्त वाशीम जिल्ह्यांत गायकवृंदापुढें दिलेलें व्याख्यान)



महोत्सव-समितीनें आम्हांस संगीतावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. संगीताचा विषय समुद्रासारखा अफाट. एका घटकेंत त्याचा पार कोणास लागणार? म्हणून आम्ही एक अगदीं लहान विषय हातीं घेतला आहे. बरोक काळांतील, म्हणजे साधारणपणें १६०० पासून १७५० पर्यंतच्या दीड शतकांतील, एखादी ऑर्गनसाठीं लिहिलेली रचना आपल्या देवळांतील पायपेटीवर वाजवावयाची झाल्यास पेटीच्या कोणत्या खुंट्या ओढाव्या आणि कोणत्या ओढूं नयेत, एवढाच तो विषय होय. ज्यांस आपण स्टॉप म्हणतों त्यांसच आम्ही खुंट्या म्हणत आहों. विषय लहान असला तरी त्यावर एक निर्णय अवलंबून आहे. समितीपुढें दोन सूचना आल्या आहेत. पायपेटी मोडींत काढून तिच्या जागीं विजेवरचा कीबोर्ड ठेवावा, ही एक. पेटी नीट करून महोत्सवाच्या मिस्सेस तीच वाजवावी, ही दुसरी. पुढील रविवारीं हात वर करून निकाल लागावयाचा आहे. आम्ही दुसऱ्या सूचनेच्या बाजूचे आहों, हें आरंभींच सांगून टाकतों, म्हणजे कोणी आम्हांस निःपक्षपाती समजून फसणार नाहीं.

प्रथम नळ्यांच्या ऑर्गनाविषयीं. कित्येकांच्या मनांत अशी रुखरुख असते कीं, मुंबईच्या मोठ्या देवळांत जसा नळ्यांचा ऑर्गन आहे तसा आपल्याकडे असता तर! गोव्याकडून आलेला एक ऑर्गन १५८० च्या सुमारास अकबर बादशहाच्या दरबारींहि दाखविला गेला होता आणि त्याचें वर्णन बदायुनीनें मोठ्या कौतुकानें लिहून ठेविलें आहे. तेव्हां हें वाद्य आपल्या देशास अगदींच नवें नाहीं. परंतु वऱ्हाडची हवा त्यास मानवणारी नव्हे. नळींतील हवेचा स्तंभ कांपतो आणि त्यापासून स्वर निघतो. हवा तापली कीं तिच्यांतून नाद अधिक वेगानें जातो व नळीचा स्वर चढतो. लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचे शंभर भाग कल्पिले तर उष्णतेच्या दर अंशामागें सुमारें तीन भाग स्वर वर सरकतो. पौषांतल्या सकाळीं वीस अंशांवर जुळविलेला ऑर्गन वैशाखांत चाळीस अंशांवर वाजवावा, तो त्या अंतराच्या निम्म्याहून अधिक चढलेला आढळेल. सगळ्याच नळ्या सारख्या चढतात म्हणून तो स्वतःशीं बेसूर होत नाहीं. पण शेजारीं पेटी किंवा बांसरी घेऊन बसलेल्याचे मात्र हाल होतात. शिवाय उन्हाळ्यांत लांकूड तडकणें, पावसाळ्यांत तें फुगणें, भात्याचें कातडें कुजणें आणि वाळवी, ही संकटें आहेतच. उलट आपल्या पेटींतील सूर म्हणजे पितळेची एक पातळ जीभ. तिचा स्वर तिच्या लांबीवर व जाडीवर ठरतो. उन्हाळ्या-हिवाळ्याचा फरक तिला फारसा जाणवत नाहीं. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें यानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें, आणि पुढें तीं वाद्यें व त्यांच्या अमेरिकन बहिणी पृथ्वीवरच्या मिशनांतून पसरल्या, त्याचें एक मोठें कारण हेंच होय.

आतां आपली पेटी. ती अमेरिकन धर्तीची, हवा बाहेर फेंकून आंत ओढून घेणाऱ्या भात्याची आहे. समोर अकरा खुंट्या आहेत. डावीकडून डायापेसन, डल्सियाना, व्हायोला, बेस कपलर. उजवीकडे मेलोडिया, डल्सेट, व्हॉक्स सेलेस्ट, ट्रेबल कपलर. मध्यें व्हॉक्स ह्यूमाना. आणि दोन फोर्टे. अकरा खुंट्या पाहून माणसास वाटतें कीं आंत अकरा आवाज असतील. आम्हीं गेले तीन आठवडे पेटी उघडून पाहिली. आंत सुरांचे अर्धे संच चारच आहेत. डाव्या अर्ध्यांत दोन: डायापेसन आठ फुटी आणि व्हायोला चार फुटी. उजव्या अर्ध्यांत दोन: मेलोडिया आठ फुटी आणि सेलेस्ट, तोहि आठ फुटीच. डल्सियाना म्हणजे डायापेसनचेंच झांकण अर्धवट उघडणें. डल्सेट म्हणजे मेलोडियाचें तसेंच. फोर्टे ओढल्यानें नवा सूर कांहीं वाजत नाहीं, फक्त एक दार उघडतें. कपलर एका पट्टीस दुसऱ्या सप्तकांतली पट्टी बांधून देतो. आणि व्हॉक्स ह्यूमाना म्हणजे तर चक्क एक पंखा आहे! त्याविषयीं पुढें बोलूं.

आठ फुटी, चार फुटी या शब्दांनीं कोणी घाबरूं नये. नळ्यांच्या ऑर्गनांत खालच्या ‘सी’ पट्टीची नळी सुमारें आठ फूट लांब असली म्हणजे पट्टी जो स्वर दाखविते तोच ऐकूं येतो. ती चार फूट असली तर एक सप्तक वरचा, सोळा फूट असली तर एक सप्तक खालचा. आपल्या हातपेटीवाल्यांस ही गोष्ट शिकवावयास नको. ते ज्यांस खर्ज, नर आणि मादी म्हणतात तेंच हें, सोळा, आठ आणि चार.

यानंतर रचनेकडे वळूं. बरोक म्हटलें कीं लोक बाखचें नांव घेतात, व तें योग्यच आहे. परंतु बाखच्या मोठ्या रचनांस पायांनीं वाजवावयाची स्वतंत्र पट्ट्यांची रांग लागते आणि आपले पाय भाता चालविण्यांत गुंतलेले. म्हणून आम्हीं महोत्सवासाठीं जिरोलामो फ्रेस्कोबाल्दी याची निवड केली. हा १५८३ सालीं फेरारा येथें जन्मला, १६०८ सालीं रोमच्या संत पेत्राच्या महामंदिरांत ऑर्गनवादक झाला, मध्यंतरीं कांहीं वर्षें फ्लॉरेन्सला होता, आणि १६४३ सालीं रोम येथेंच वारला. १६३५ सालीं व्हेनिस येथें त्याचें ‘फिओरी म्युझिकाली’ म्हणजे ‘संगीतपुष्पें’ हें पुस्तक छापलें गेलें. त्यांत तीन मिस्सांसाठीं वादनाचे तुकडे आहेत: रविवारची मिस्सा, प्रेषितांची मिस्सा आणि मरियामातेची मिस्सा. १७१४ सालीं बाखनें या पुस्तकाची एक प्रत स्वतःजवळ बाळगली होती, यावरून त्याची योग्यता कळून येईल. आमच्या दृष्टीनें त्याचा मोठा गुण असा कीं, त्यास पायांच्या पट्ट्यांची आवश्यकता नाहीं, तो मिस्सेसाठींच लिहिलेला आहे, आणि बोटांस पेलेल एवढाच अवघड आहे.

फ्रेस्कोबाल्दीनें या तुकड्यांवर खुंट्या लिहून ठेविलेल्या नाहींत. त्याच्या काळीं ती पद्धतच नव्हती. वादकास तें ठाऊक असे. बाखनें सुद्धां फार थोड्या ठिकाणीं लिहिल्या आहेत. मग आपण काय करावें? सुदैवानें त्याच काळच्या दोन इटालियन पुस्तकांत याची माहिती आहे. ब्रेश्शा येथील ऑर्गन बांधणाऱ्या प्रसिद्ध घराण्यांतील कोस्तांत्सो आंतेन्याती यानें १६०८ सालीं ‘लार्ते ऑर्गानिका’ हें पुस्तक काढलें व त्यांत कोणत्या प्रसंगीं कोणत्या खुंट्या एकत्र ओढाव्या तें सांगितलें. दुसरें पुस्तक जिरोलामो दिरूता या फ्रान्सिस्कन संन्याशाचें, ‘इल त्रान्सिल्वानो’. त्याचा पहिला भाग १५९३ सालचा व दुसरा १६०९ सालचा. दिरूता उपासनेंतील प्रत्येक स्वरमेळास त्याच्या भावाप्रमाणें निरनिराळ्या खुंट्या नेमून देतो. रागास रस व समय नेमून देणाऱ्या आपल्या लोकांस हें वाचून आपलेंच कोणी बोलत आहे असें वाटेल.

त्या वेळच्या इटालियन ऑर्गनाची घडण समजल्याशिवाय त्यांच्या सांगण्याचा अर्थ लागत नाहीं. तेथें बहुधा हातांची एकच पट्ट्यांची रांग असे. पायाशीं प्रिन्सिपाले, म्हणजे मुख्य सूर. त्यावर ‘आठवा’, ‘पंधरावा’, ‘एकोणिसावा’, ‘बाविसावा’ अशा केवळ अंकांवरून ओळखल्या जाणाऱ्या खुंट्या. अंक मोजून पाहा: आठवा म्हणजे वरचा षड्ज, पंधरावा म्हणजे त्याच्या वरचा षड्ज, एकोणिसावा म्हणजे त्याच्यावरचा पंचम, बाविसावा म्हणजे पुनः षड्ज. षड्ज आणि पंचम, याखेरीज तिसरें कांहीं नाहीं. हा तर तंबोरा झाला! तंबोऱ्यांत गंधाराची तार नसते, तरी चांगला जुळलेला तंबोरा झंकारला कीं गंधार आपोआप ऐकूं येतो. या सर्व खुंट्या एकदम ओढल्या म्हणजे जो झळाळता नाद होतो त्यास ते ‘रिपिएनो’ म्हणत, आणि तो मिस्सेच्या आरंभीं व शेवटीं वाजवीत. खेरीज बांसरीच्या जातीच्या दोन-तीन खुंट्या असत. आणि एक फार नाजूक खुंटी असे, तिचें नांव ‘फिफारो’.

फिफारोविषयीं थोडें थांबून सांगावयास हवें, कारण आजच्या आमच्या भाषणाचा गाभा तोच आहे. फिफारो हा प्रिन्सिपालेसारखाच आठ फुटी नळ्यांचा दुसरा संच. पण मुद्दाम किंचित् बेसूर लावलेला. दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र वाजले म्हणजे त्यांच्यामध्यें एक मंद हेलकावा उत्पन्न होतो. एका सेकंदास एका सुराचीं ४४० आंदोलनें व दुसऱ्याचीं ४४२ असलीं तर सेकंदास दोन हेलकावे ऐकूं येतात. हा संच पट्ट्यांच्या उजव्या भागांतच असे, डावीकडे नसे. कित्येक लोक यास ‘व्होचे उमाना’ म्हणजे मनुष्याचा कंठ असेंहि म्हणत. आंतेन्याती स्पष्ट बजावतो कीं, याच्या जोडीला प्रिन्सिपाले तेवढा घ्यावा, दुसरें कांहीं घेऊं नये, नाहीं तर सगळेंच बेसूर वाटेल. आणि संथपणें, सूर एकमेकांस जोडीत वाजवावें. अशा तऱ्हेचा नाद तेव्हांच्या इटालींत विशेषेंकरून त्या क्षणासाठीं राखून ठेवीत, ज्या क्षणीं याजक पवित्र भाकर व प्याला वर उचलतो.

आतां आपल्या पेटीकडे पाहा. उजव्या अर्ध्यांत मेलोडिया आठ फुटी, आणि त्याच अर्ध्यांत सेलेस्ट, आठ फुटी, मेलोडियाहून किंचित् चढा लावलेला. सेलेस्ट डावीकडे नाहीं. म्हणजे आंतेन्यातीनें वर्णिलेली रचना, नळ्यांच्या ठिकाणीं पितळी जिभा एवढाच फेरफार होऊन, वऱ्हाडांतल्या या लांकडी पेटींत जशीच्या तशी बसली आहे. बांधणाऱ्या कारागिरास आंतेन्याती ठाऊक असेल असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. त्यास घरोघर विकला जाणारा गोड आवाज पाहिजे होता. परंतु परिणाम तोच झाला आहे. आणि जी खुंटी ‘ही तर कुरकुर करते, सूर उतरला आहे’ म्हणून आपण आजवर ओढलीच नाहीं, ती उतरलेली नसून तिचें तेंच काम आहे, हें येथें सांगणें अवश्य आहे. एका कारागिरानें मागें ती मेलोडियाशीं तंतोतंत जुळवून देण्याची तयारी दाखविली होती. तसें झालें असतें तर पेटींतील एकुलती एक दुर्मिळ गोष्ट घासून नाहींशी झाली असती.

येथेंच नांवांच्या घोटाळ्याचाहि उलगडा करूं. आपल्या पेटीवर ‘व्हॉक्स ह्यूमाना’ अशी खुंटी आहे, आणि लॅटिनांत त्याचा अर्थ मनुष्याचा कंठ असाच. तेव्हां एखादा शहाणा वादक पुस्तकांत ‘व्होचे उमाना’ वाचून हीच खुंटी ओढील. परंतु इटालीमध्यें त्या नांवानें हेलकावणारा दुसरा प्रिन्सिपाले समजत. फ्रान्स व जर्मनींत त्याच नांवाखालीं आंखुड नळीचा, जीभ असलेला, किंचित् नाकांत बोलणारा सूर असे. आणि अमेरिकन पेटींत तें नांव एका पुठ्ठ्याच्या पंख्यास दिलें आहे. हवा ओढली गेली कीं तो फिरतो व सुराच्या वाटेंत येऊन त्यास थरथरवितो. तिन्ही ठिकाणीं नांव एक, वस्तु तीन. खुंटी तिच्यावरच्या चिनीमातीच्या अक्षरांवरून निवडूं नये, कानानें निवडावी, असें आम्ही मुलांना रोज सांगतों तें याचसाठीं. दिरूता व आंतेन्याती यांना कंपाचें वावडें नव्हतें. शोकाच्या मेळास ते तो सुचवितातहि. परंतु आपला पंखा फिरतांना खडखडतो. तो बंदच असूं द्यावा.

मिस्सेतील चार तुकड्यांस आम्हीं कशी योजना केली आहे तें आतां सांगतों. चारहि रविवारच्या मिस्सेतील आहेत.

पहिला, मिस्सेपूर्वींची तोक्काता. एका-दीड मिनिटाचा तुकडा, पण त्यानें सर्व देऊळ उभें राहिलें पाहिजे. इटालियन वादक येथें रिपिएनो ओढी. आपल्याजवळ पंधरावा नाहीं, एकोणिसावा नाहीं, मग सर्व खुंट्या ओढून मोकळें व्हावें काय? आम्हीं तसें करून पाहिलें आणि तें फसवें ठरलें. डाव्या अर्ध्यांत चार फुटी व्हायोला आहे, उजव्यांत चार फुटी कांहींच नाहीं. त्यामुळें सर्व ओढलें कीं डावा हात उजव्यास झांकून टाकतो आणि सेलेस्टमुळें वरचें सगळें डळमळूं लागतें. रिपिएनोचा प्राण म्हणजे निर्मळ, न हलणारे, एकावर एक रचलेले सूर. म्हणून डायापेसन, मेलोडिया, व्हायोला आणि ट्रेबल कपलर, एवढेंच घ्यावें. कपलर उजव्या हातास वरचें सप्तक जोडून देतो, तेणेंकरून दोहों बाजूंस आठ व चार यांची जोडी होते. बेस कपलर कधींहि ओढूं नये. तो खालचें सप्तक जोडतो आणि चार सुरांचा चिखल करतो. या तुकड्याच्या आरंभींचीं लांब स्वरसंगतें भात्यास फार खातात. पायांनीं घाई करूं नये. दोन्ही पायांनीं आळीपाळीनें, एक पुरता वर येण्यापूर्वींच दुसरा दाबावा.

दुसरा, श्रद्धाप्रकटीकरणानंतरचें रिचेर्कार. यांत एकच छोटा स्वरसमूह चारहि आवाज आळीपाळीनें घेतात. येथें एक अडचण आहे, ती पेटी मधोमध दुभंगलेली असल्यामुळें. समजा आपण डावीकडे व्हायोला ओढली. मधल्या आवाजाची एक ओळ डावीकडून उजवीकडे चढत गेली, तर सांध्यावर पोहोंचतांच तिचें वरचें सप्तक गळून पडतें. एकच गायक ओळीच्या मध्यभागीं आपला कंठ बदलतो असें वाटतें. म्हणून रिचेर्कारला डावीकडे डायापेसन व उजवीकडे मेलोडिया, आणि दुसरें कांहीं नाहीं. दिसावयास हें फार रुक्ष आहे. परंतु चारहि आवाज वेगळे ऐकूं येणें हेंच येथलें सौंदर्य. नाटकांच्या ऑर्गननें आपल्या कानांस दुसरी संवय लाविली आहे; गंधर्व नाटक मंडळींत हरिभाऊ देशपांडे ऑर्गन वाजवीत तेव्हां त्यांचें काम गाणाऱ्याच्या एका ओळीस सुरांची भर घालण्याचें होतें, आणि तें कोणी कधीं विसरणार नाहीं. फ्रेस्कोबाल्दींत गाणारा कोणी पुढें नाहीं. चारहि सारखे मानकरी.

तिसरा तुकडा म्हणजे क्रोमातिक तोक्काता, पवित्र भाकर उचलतांना वाजवावयाची. सुमारें चार मिनिटें चालते. हिचा मेळ आपल्या भैरवीच्या थाटास जवळचा आहे, परंतु तिच्यांत कोमल व शुद्ध स्वर एकामागून एक असे सरकतात कीं ऐकणाऱ्यास पायाखालची भूमि हलल्यासारखी वाटते. डावीकडे डायापेसन, तोहि डल्सियाना म्हणून अर्धा उघडलेला. उजवीकडे मेलोडिया आणि सेलेस्ट. बस्स.

ही मिस्सेत वाजवावी कोठें, असा प्रश्न आदरणीय फादरांनीं आम्हांस विचारला, व तो अगदीं मार्मिक आहे. १६३५ सालीं याजक ती महाप्रार्थना मनांतल्या मनांत म्हणत असे; त्या शांततेंत ऑर्गन वाजे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर ती प्रार्थना मोठ्यानें म्हटली जाते, आणि ती चालू असतां वाद्य मुकें राहावें असा नियम आहे. तेव्हां ज्या क्षणासाठीं ही रचना झाली तो क्षण आज तिला देतां येत नाहीं. ख्रिस्तशरीर स्वीकारून लोक आपल्या जागीं बसल्यावर जी स्तब्धता असते, तेथें ती वाजवूं. महोत्सव उपवासकाळांत येत नाहीं हेंहि बरें आहे. त्या दिवसांत, कांहीं ठराविक सणांखेरीज, गायनास आधार देण्यापुरतेंच वाद्य वाजवावयाचें असतें.

चौथा, शेवटची कांत्सोन. चपळ, हंसरी. डायापेसन, मेलोडिया व ट्रेबल कपलर, व्हायोला नको. अधिक बोलण्यासारखें त्यांत नाहीं.

आतां एक आक्षेप. संगीत जाणणारे एक सन्मान्य गृहस्थ म्हणाले कीं, पेटीचे स्वर मुळांतच खरे नसतात, तेव्हां खुंट्यांचा एवढा विचार कशाला? आक्षेप खरा आहे आणि तो जुना आहे. आकाशवाणीनें १९४० सालीं हार्मोनियमवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत होती. त्याच्याहि पूर्वीं सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला, आणि त्यांच्या विचारांस धरून ई. क्लेमेंट्स या न्यायाधीशांनीं विलायतेंत श्रुति-हार्मोनियम करवून घेतली. आपल्या विदर्भांतील नागपूरचे मनोहर चिमोटे यांनीं तर पेटीस संवादिनी हें नांव देऊन तिच्यावर एकल वादन केलें. पेटी गात नाहीं म्हणून सोडून देण्यापेक्षां तिला कसें गाववावें याचा विचार करणारी माणसें महाराष्ट्रांत नेहमींच झाली आहेत.

परंतु या आक्षेपाचा खुंट्यांशीं जवळचा संबंध आहे, आणि तो पाश्चात्य पुस्तकांत फारसा सांगितलेला आम्हांस आढळला नाहीं. फ्रेस्कोबाल्दीच्या काळच्या ऑर्गनांत शुद्ध गंधार शुद्ध असे. त्यासाठीं पंचम किंचित् उतरविलेला असे. आपल्या पेटींत बारा स्वरांतरें सारखीं केलेलीं असल्यामुळें गंधार दोन पट्ट्यांमधील अंतराच्या जवळजवळ एक-सप्तमांश चढा आहे. एकट्या आठ फुटी सुरांत हा चढ सोसतो. त्यावर चार फुटी चढविला कीं खालच्या षड्जापासून उठणारा नैसर्गिक गंधार आणि वरचा चढा गंधार यांची झुंज लागते आणि कान टोंचूं लागतो. पितळी जीभ अशा वरच्या उपस्वरांनीं भरलेली असते, म्हणून नळीपेक्षां पेटींत हा दोष अधिक. यावरून नियम निघतो तो असा कीं, जुन्या ऑर्गनवर जेथें पांच खुंट्या सांगितल्या असतील तेथें पेटीवर दोन पुरे, आणि मोठीं स्वरसंगतें लांबवर धरून ठेवावयाचीं असतील तेथें एकच. सेलेस्टच्या हेलकाव्यांत मात्र हा चढ लपून जातो, कारण तेथें कोणताच सूर एका जागीं स्थिर नाहीं. क्रोमातिक तोक्काता आपल्या पेटीवर चारहि तुकड्यांत अधिक सुरेल वाटते, तें यामुळें असावें.

कीबोर्डच्या बाजूनें बोलणाऱ्यांवर अन्याय होऊं नये. त्यांत मागील काळच्या जुळणीची सोय कित्येक नमुन्यांत असते. वीज असेल तोंवर भाता चालवावा लागत नाहीं. उन्हापावसाची पर्वा नाहीं. लहान वस्त्यांतील प्रार्थनेस तो नेण्यास सोपा आहे, आणि तेथें तो खुशाल न्यावा. परंतु ‘चर्च ऑर्गन’ असें नांव असलेली कळ दाबली कीं बहुधा सर्व नळ्या, सर्व गुंज आणि सर्व कंप एकाच वेळीं अंगावर येतात. तेव्हां निदान एवढें करावें: एकट्या प्रिन्सिपालचा किंवा बांसरीचा आवाज निवडावा, ताल बंद, गुंज अगदीं थोडी, आणि बोटाच्या जोरावर आवाज लहानमोठा होण्याची सोय बंद करावी, कारण ऑर्गनच्या पट्टीस जोर कळत नाहीं. पियानोचा आवाज मिस्सेत नको असें आमचें मत आहे. पोप दहावे पायस यांनीं १९०३ सालीं पियानोस देवळांत मनाई केली होती. पुढें नियम सैल झाले व आज तो प्रश्न स्थानिक धर्माध्यक्षांच्या विचारावर आहे, हें आम्ही जाणतों.

ज्या वस्तींत हातपेटीच आहे तेथील मुलांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. हातपेटीवर डावा हात भात्यास गुंतलेला, म्हणून चार आवाज एकट्यास अशक्य. परंतु दोघांनीं दोन पेट्या शेजारीं मांडाव्या, एकानें वरचे दोन आवाज व दुसऱ्यानें खालचे दोन घ्यावे. दोघांनींहि केवळ नर सूर उघडा ठेवावा; खर्ज बंद, मादी बंद, कपलर सुटा. पेट्या एकमेकींशीं आधीं जुळवून घ्याव्या, नाहीं तर न मागतांच फिफारो ऐकूं येईल!

दुरुस्तीविषयीं समितीस हवी असलेली माहिती अशी. पेटी उघडली तेव्हां अकरा सूर बोलत नव्हते. त्यांपैकीं दहांच्या जिभेखालीं धूळ व किड्यांचीं घरें होतीं. सूर आंकड्यानें बाहेर ओढून, कोरड्या कुंचल्यानें झाडून परत बसवितांच ते बोलूं लागले. तोंडानें फुंकर घालूं नये, ओलाव्यानें पितळ काळवंडतें. एकच सूर तुटलेला निघाला, आणि तो डायापेसनचा सर्वांत खालचा आहे. फ्रेस्कोबाल्दीचा हात इतका खालीं जातच नाहीं. भात्याच्या कापडास दोन भेगा आहेत, त्यांवर तात्पुरता ठिगळ लाविला आहे. कापड पुरतें बदलावें लागेल. पट्ट्यांखालचें बनातीचें अस्तर कसरीनें खाल्लें आहे. याहून मोठें काम आम्हांस दिसलें नाहीं. उजव्या गुडघ्याची फळी मोकळी झाली आहे. डाव्या गुडघ्याची, जी सर्व खुंट्या एकदम उघडते, ती आम्हींच दोरीनें बांधून ठेविली आहे, कारण वाजवितांना नकळत तिच्यावर गुडघा पडतो. ती दोरी कोणी सोडूं नये.

महोत्सवाच्या दिवशीं खुंट्या ओढावयास एक मुलगा व पानें उलटावयास एक मुलगी वादकाच्या दोहों बाजूंस उभीं राहतील. तुकडा चालू असतां खुंटीस हात लावावयाचा नाहीं. बदल दोन तुकड्यांच्या मधल्या शांततेंतच. ट्रेबल कपलर ओढण्यापूर्वीं पट्ट्यांवरून हात उचललेले आहेत हें पाहावें.

आतां आम्ही क्रोमातिक तोक्कातेचा पहिला भाग दोनदां वाजवून दाखवितों: एकदां मेलोडिया एकटा, आणि दुसऱ्यांदा त्यास सेलेस्टची जोड देऊन. पेटीजवळ हेलकावा खरबरीत लागतो आणि दूर गेल्यावर तो मिसळून येतो, म्हणून पुढच्या चार बाकांवरील मंडळींनीं कृपा करून उठून दाराजवळच्या बाकांवर बसावें. भात्यास दोन मुलें लागतील असें समजून कोणी पुढें येऊं नये, त्यास वादकाचेच पाय पुरतात. पंखे मात्र बंद करावे.